मुलांच्या तब्येतीमागची परिस्थिती कशी शोधावी : गोव्यातील वर्गशिक्षकांसाठी मार्गदर्शन

शाळेतील आरोग्य तपासणी झाली की वर्गशिक्षकाच्या हाती उंची, वजन, दात, डोळे आणि हिमोग्लोबिन यांचा एक तक्ता येतो, आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शेरा असतो: ‘पालकांना समज द्यावी.’ हा शेरा लिहिणाऱ्याचे काम तेथे संपते, मात्र मुलाचे वजन पुढच्या वर्षीही तेवढेच राहते. पालकांना समज देण्यापूर्वी त्यांच्याकडून काय समजून घ्यावे आणि जे समजले त्याचे शाळेत, पंचायतीत व आरोग्य केंद्रात काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली एक आयोग नेमला होता. सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने 2008 च्या अहवालात असे मांडले की माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, वाढतो, राहतो, काम करतो आणि वृद्ध होतो, तीच त्याच्या आरोग्याला मोठ्या प्रमाणात आकार देते. गोव्यात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या या राज्यात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील 25.8 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 20.1 टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना रक्तक्षय होता. राज्याच्या सरासरी उत्पन्नावरून मुलाच्या ताटात काय पडते याचा अंदाज बांधता येत नाही, एवढे तरी या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

हजेरीपट आणि पंचांग

पहिले काम वर्गात बसूनच करावयाचे आहे. आरोग्य तपासणीचा तक्ता आणि वर्षभराचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून पाहावे. वजन कमी असलेली किंवा वारंवार आजारी पडणारी मुले नेमकी कोणत्या वारी आणि कोणत्या महिन्यांत गैरहजर असतात, हे पेन्सिलीने खूण करून घ्यावे. शिक्षक मुलाची एकूण टक्केवारी पाहतो, गैरहजेरीचा आकार सहसा पाहत नाही, आणि माहिती खरे तर त्या आकारातच असते.

या खुणा गावाच्या पंचांगाशी ताडून पाहाव्यात. किनारपट्टीच्या गावात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्या घराची मिळकत मासळीवर चालते तेथे पैसा आणि ताजी मासळी दोन्ही एकाच वेळी आटतात. ज्यांना मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, भरून ठेवणे जमले त्यांचे सुके मासे, कडधान्य आणि आमसुले यांवर निभावते. ज्यांना ते जमले नाही त्यांच्याकडे पेज आणि लोणचे एवढेच उरते. सत्तरी किंवा सांगे तालुक्यात फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत काजूचा हंगाम असतो, आणि पहाटे बिया वेचायला गेलेले मूल शाळेत पोचते ते दमून आणि उपाशीच. डिचोली व सांगे तालुक्यांच्या खाणपट्ट्यात 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे हप्ते भरणाऱ्या घरांची घडी विसकटली. त्या काळात लहान असलेली मुले आज माध्यमिक वर्गात आहेत, आणि त्यांच्या कमी उंचीचे कारण शोधताना आजच्या ताटाबरोबर त्या वर्षांचाही विचार करावा लागतो, कारण उंचीचा बराचसा हिशेब पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरतो.

घरी जाणे

दुसरे काम म्हणजे घरी जाणे, आणि ते नीट न केल्यास न केलेले बरे. आधी निरोप पाठवावा, आईवडिलांच्या कामाची पाळी विचारून वेळ ठरवावी, सोबत गावातील अंगणवाडी सेविकेला किंवा एखाद्या सहशिक्षिकेला न्यावे, आणि हातात छापील अर्ज घेऊन जाऊ नये. अर्ज दिसला की घरातील माणसे उत्तरे अर्जाला देऊ लागतात. ‘मुलाला पौष्टिक आहार देता का?’ या प्रश्नाला ‘होय’ याखेरीज उत्तर येणे शक्य नाही. त्याऐवजी ‘काल संध्याकाळी काय जेवण केले होते?’, ‘सकाळी घरातून सर्वांत आधी कोण बाहेर पडते?’, ‘नळाला पाणी किती वाजता येते?’ असे, ज्यांचे उत्तर एखाद्या वेळेने किंवा वस्तूने द्यावे लागते, असे प्रश्न विचारावेत. हॉटेलात साफसफाईचे काम करणारी आई सहा वाजता घर सोडत असेल, तर मुलांची न्याहारी तिच्या धाकट्या नणंदेवर किंवा दहा वर्षांच्या मुलीवर अवलंबून असते, ही गोष्ट अशाच प्रश्नांतून कळते.

घरात काही गोष्टी न विचारताही दिसतात: चूल पेटते त्याच खोलीत मुले झोपतात का, अभ्यासाला उजेड कोठे आहे, पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, शौचालय आहे का आणि ते वापरात आहे का. येथे गोव्याची एक जुनी गाठ ध्यानात ठेवावी. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असेल आणि मुंडकार, म्हणजे त्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून कागदोपत्री नोंद झालेली नसेल, तर घराची दुरुस्ती, शौचालयाचे बांधकाम किंवा नळजोडणी यांसाठी संमतीचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 सालचा आहे, तरीही अनेक घरांत हा विषय आजही दबक्या आवाजात बोलला जातो. अशा घरातील मुलाला वारंवार जंत होत असतील, तर फेब्रुवारी आणि ऑगस्टमधील जंतनाशक गोळी त्याला मिळावीच, परंतु जंतांचे मूळ मामलेदार कार्यालयात अडकलेल्या कागदात असू शकते, हेही लिहून ठेवावे.

कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले आपल्याकडील अनेक सरकारी मराठी शाळांत शिकतात. एका खोलीत सहा-सात माणसे, दर वर्षी बदलणारा पत्ता, आणि घरी कन्नड किंवा हिंदी अशी त्यांची परिस्थिती असते. यांच्या घरी जाताना त्यांची भाषा जाणणारी वरच्या वर्गातील एखादी मुलगी सोबत न्यावी असे अनेकांना सुचते. तसे करू नये, कारण शेजारच्या मुलीसमोर कोणतीही आई घरातील अडचण सांगणार नाही. दुभाषी प्रौढ आणि बाहेरचाच असावा.

‘का’ विचारत जाणे

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते एका उदाहरणाने सविस्तर सांगतो. समजा, आठवीतील तेरा वर्षांच्या एका मुलीचे हिमोग्लोबिन 9.5 ग्रॅम आले. या वयात ते 12 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते, तरीही सुधारणा नाही. का? मुलगी गोळी तोंडात ठेवते आणि नंतर थुंकते. का? गोळीने तिला मळमळते. का? गोळी प्रार्थनेनंतर लगेच दिली जाते आणि तिने तोवर काही खाल्लेले नसते. का? बालरथ, म्हणजे शाळेची बस, पावणेसात वाजता वाड्यावर येतो आणि आई त्याआधीच कामाला गेलेली असते. मुलगी कोरा चहा पिऊन निघते.

या साखळीतील प्रत्येक कडी कोणाच्या हातात आहे ते पाहावे. आईच्या कामाची पाळी शाळा बदलू शकत नाही. बालरथाची वेळ व्यवस्थापनाला विचारता येईल, परंतु तो मार्ग लांबचा आहे. गोळीची वेळ मात्र मुख्याध्यापकांच्या एका शब्दाने बदलते: माध्यान्ह आहाराची भाजी-पाव किंवा पुलाव खाऊन झाल्यावर, शिक्षिकेसमोर, पाण्याबरोबर. चहा जेवणासोबत घेतल्यास लोह कमी शोषले जाते, हे मुलीला सांगितले तर तीही एक कडी तिच्या स्वतःच्या हातात येते. ‘का’ चा प्रश्न ‘अज्ञान’ किंवा ‘निष्काळजीपणा’ या शब्दांवर येऊन थांबला, तर आपण एक पायरी आधीच थांबलो असे समजावे.

हीच रीत शाळेलाही लावावी. मुली दिवसभर पाणी पीत नसतील आणि त्यांना लघवीची जळजळ होत असेल, तर शिक्षिकेने मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन कडी लागते का, पाणी आहे का आणि पॅड टाकायला डबा आहे का, ते पाहावे. हा शोध बहुधा पाच मिनिटांत संपतो.

किशोरवय

दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणतात, आणि या वयात पालकांकडून मिळणारी माहिती अपुरी पडते. घरात रोज दारू होत असेल तर आई ती लपवते, मुलगा मात्र ती सोमवारच्या गैरहजेरीतून सांगत असतो. गोव्यात दारू पिण्याचे कायदेशीर वय 21 आहे. प्रत्यक्षात ती स्वस्त आणि हाताशी असते. अशा मुलाशी एकांतात, पण दरवाजा उघडा ठेवून बोलावे, आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098 आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक वर्गात आणि मुलांच्या व मुलींच्या स्वच्छतागृहांतही चिकटवावेत, म्हणजे ते कोणी पाहत नसताना लिहून घेता येतात. पौगंडावस्थेतील मनोस्वास्थ्यावर गोव्यात 1996 पासून काम करणारी संगाथ ही संस्थाही समुपदेशकांना ठाऊक असते.

शाळेबाहेर नेण्याच्या गोष्टी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. चिठ्ठी दिली म्हणजे उपचार झाले असे मानण्याची चूक सर्वत्र होते. काणकोणहून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन येण्यात रोजंदारीवरील माणसाचा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून नेत्र आणि दंत तपासणी एकाच दिवशी होईल का, हे आरोग्य केंद्रातून आधी विचारून घ्यावे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, तेव्हा नव्याने आलेल्या कुटुंबाला ते कार्ड दाखवायला सांगून ओशाळवाणे करू नये.

नळाची वेळ, वाड्यावरचा दिवा, बसची फेरी हे विषय ग्रामसभेचे आहेत. ते मुलाचे नाव न घेता मांडावेत: ‘अमुक वाड्यावरच्या नऊ मुलांना पाणी भरण्यासाठी शाळेला उशीर होतो,’ एवढे पुरते. शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर व चरबीचे पदार्थ विकण्यास आणि 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे. दुकानदार ओळखीचा असला तरी हा मुद्दा पालक-शिक्षक संघाने एकदा लेखी मांडावा.

नोंदवही वेगळी आणि कुलुपात ठेवावी. तीत जात, धर्म किंवा वडिलांचे व्यसन यांवर भाष्य नको. जे बदलावयाचे आहे तेवढेच असावे. तीन महिन्यांनी वजन आणि हजेरी पुन्हा पाहावी. त्या तेरा वर्षांच्या मुलीपुढे ‘पालकांना समज द्यावी’ याऐवजी असा शेरा असेल: ‘पावणेसातचा बालरथ, न्याहारी नाही. गोळी मधल्या सुट्टीनंतर, शिक्षिकेसमोर. हिमोग्लोबिन पुन्हा सप्टेंबरमध्ये.’