रायफलची नळी तापल्यावर नेम का सरकतो आणि तो कसा तपासावा

पीक संरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याची रायफल वर्षभरात फार थोड्या गोळ्या झाडते. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाला रोह्यावर (नीलगाईवर) अथवा रानडुकरावर साधारणतः एकच गोळी झाडायला मिळते, आणि ती थंड नळीतून सुटते. नेम मात्र आपण उन्हाळ्यात, रेंजवर, दहा मिनिटांत आठ-दहा काडतुसे उडवून तापलेल्या नळीवर जुळवतो. मी स्वतः ही चूक केली आहे. चौथी आणि पाचवी गोळी उजवीकडे जाते असे पाहून मी माशी (नळीच्या टोकावरची, नेम धरायची खूण) सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच गोळी खुणेच्या डावीकडे चार बोटे लागली. समोर पुठ्ठा होता म्हणून निभावले. जनावर असते तर ते जखमी होऊन पऱ्हाटीत शिरले असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरांच्या बाबतीतही वनविभागाच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. नेम तपासण्याचे कामही मान्यताप्राप्त रेंजवरच करावे, धुऱ्यावर किंवा नाल्यात नव्हे.

आता कारण पाहू. पोलाद तापले की वाढते. साठ सेंटिमीटर लांबीची नळी साठ अंश सेल्सिअसने तापली, तर तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढते, आणि ही वाढ सर्व बाजूंनी सारखी असती तर नेमाला फारसा धक्का लागला नसता. प्रत्यक्षात नळी घडवताना आणि सरळ करताना पोलादात ताण राहून गेलेला असतो, आणि तो उष्णतेने एका बाजूला अधिक मोकळा होतो. शिवाय नळीखालचे लाकूड एखाद्या ठिकाणी तिला टेकत असेल, तर वाढणारी नळी तेथून दाबली जाते. नळीचे तोंड अंशाच्या साठाव्या भागाइतके जरी वळले, तरी शंभर मीटरवर गोळी सुमारे तीन सेंटिमीटर सरकते. हलकी, बारीक नळी लवकर तापते आणि तिच्यात हा दोष अधिक दिसतो. जाड नळीला तापायला वेळ लागतो.

तपासणीसाठी एकाच लॉटची दहा काडतुसे, वाळू भरलेल्या दोन पिशव्या, कागदी लक्ष्य, दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढे पुरे. सकाळी ऊन चढण्याआधी सुरुवात करावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी बहुधा वेगळीकडेच जाते आणि तिचा दोष आपण उगाच उष्णतेवर टाकतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवताना दस्त्याचे नळीखालचे लाकूड टेकवावे, नळी कधीही टेकवू नये. एक गोळी झाडावी, दुर्बिणीतून छिद्र पाहून वहीत त्या जागी १ लिहावे, आणि बोल्ट (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा ठेवून रायफल सावलीत उभी करावी. नळी पूर्ण थंड झाल्यावर दुसरी आणि तशीच तिसरी गोळी झाडावी. वीस-पंचवीस मिनिटे थांबणे जिवावर येते, पण ही तीन छिद्रे हाच तुमचा खरा नेम आहे.

त्यानंतर उरलेल्यांपैकी पाच गोळ्या मिनिटाला एक या गतीने झाडाव्यात आणि प्रत्येक छिद्राला क्रमांक द्यावा. छिद्रे क्रमाने एकाच दिशेला सरकत गेली, तर लाकडाचा दाब किंवा नळीतला ताण यांचा संशय घ्यावा. ती चहूकडे विखुरली, तर दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का, हे आधी पाहावे. लाकडाचा दाब ओळखण्यासाठी रायफल पुन्हा रिकामी असल्याचे पाहून वहीच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून ओढावी, एकदा थंड असताना आणि एकदा गरम असताना. पट्टी गरम नळीखाली अडते आणि थंड नळीखाली मोकळी सरकते, असे झाले तर जागा सापडली. मात्र पॉलिश पेपर घेऊन लाकूड स्वतः घासू नये. काही रायफलींत नळीला आधार म्हणून तो टेकू मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तो गेला तर रायफल पूर्वीपेक्षा वाईट मारते. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

गोळ्या झाडताना नळी किती तापली, हे चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, पुढच्या भागावर हात ठेवून कळते. पाच आकडे मोजेपर्यंत मूठ धरवत नसेल, तर थांबावे. पाणी ओतून ती थंड करू नये. पाणी लाकडात आणि चेंबरमध्ये शिरते. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूसही भरून ठेवू नये, कारण आतली दारू गरम होऊन गोळीचा वेग वाढतो आणि ती वर लागते. रायफलवरच दुर्बीण लावलेली असेल, तर नळीवरून उठणाऱ्या गरम हवेने लक्ष्य थरथरताना दिसते आणि नळी बिघडल्याचा भास होतो. नळीवर लांबट सुती पट्टी ताणून बसवली की हा भास कमी होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उन्हात ठेवलेली रायफल एकही गोळी न झाडता हात पोळेल इतकी तापते, तर पौषातल्या रात्री हरभऱ्याच्या राखणीला तीच नळी बर्फासारखी गार असते. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड ओल धरून फुगते, हा भाग वेगळाच. म्हणून थंड नळीच्या त्या तीन गोळ्यांची तपासणी दिवाळीनंतर, जागल सुरू होण्याआधी, सकाळच्या गारव्यात पुन्हा करावी आणि माशी सरकवायची ती त्या तीन छिद्रांकडे पाहूनच सरकवावी.