ताम्हिणीत काच धुरकटली तेव्हा

जुलैत मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरताना समोरची काच अशी धुरकटली की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनात. गाडीत आम्ही ५ जण, सगळे धबधब्याखाली चिंब भिजून आलेले. फडक्याने पुसलं की २ मिनिटांत परत तेच, वर तेलकट ओरखडे. थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवला होता, तिथेच चुकलं. एसी हवेतली ओल काढून घेतो, हे डोक्यातच आलं नाही. गाडी कडेला घेतली, एसी लावला, तापमान गरमकडे फिरवलं, झोत काचेवर सोडला आणि आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण बंद केलं. काच खालून वर साफ होत गेली.

गंमत परतताना झाली. एसी गारेगार, तरी पुन्हा धुकं, आणि आतून पुसून जाईना! वायपर मारला तर गेलं. गार काचेवर बाहेरची दमट हवा बसली होती. तिथे उलटा उपाय, गारवा कमी करायचा.

हल्ली आधी बोट फिरवून बघतो, ओल कुठल्या बाजूला आहे. आणि गाडीतली ओली मॅट रात्री घरात वाळत टाकतो, बायको कुरकुरते.