मंगळवारचे दहा मैल: इंग्लंडमध्ये शर्यतीचा पहिला उन्हाळा काढणाऱ्यांसाठी

लीड्स, शेफील्ड, लेस्टर, रेडिंग, कुठेही राहत असाल तरी उन्हाळा लागला की जवळपासचा एखादा सायकल क्लब आठवड्यातल्या एका संध्याकाळी दहा मैलांची टाइम ट्रायल ठेवतोच. आमच्याकडे ती मंगळवारी असते. नोकरीनिमित्त इथे आलेली, हौसेने रोड बाइक घेतलेली आणि शनिवारी पन्नास-साठ किलोमीटर सहज फिरून येणारी मराठी मंडळी मला हल्ली बरीच भेटतात. शर्यतीचा विषय काढला की "आपल्याला कुठे जमणार" म्हणून मागे सरतात. हे त्यांच्यासाठी, आणि त्यातही बायकांसाठी लिहिते आहे. गिअर, टायर, पंक्चर हे सगळं तुम्हाला येतं असं धरते.

शर्यत एकेकट्याची असते. एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात, पाच मैल जायचं, राउंडअबाउटला वळसा घालायचा, पाच मैल परत. दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायला सक्त मनाई आहे. म्हणजे घोळक्यात चाकाला चाक लागून पडण्याची भीती नाही. ही पद्धत इथे रुजली त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यती बंद केल्या, कारण पोलीस सायकलींवरच बंदी आणतील अशी भीती होती. मग १८९५ च्या सुमारास एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची युक्ती निघाली. भल्या पहाटे, अंगभर काळे कपडे घालून, मार्गाचं नाव उघड न करता शर्यती व्हायच्या. मार्गांना आजही आकडे-अक्षरांचे संकेत आहेत, हल शहराजवळचा व्ही ७१८ हा त्यातला गाजलेला.

क्लबचे सभासद नसलात तरी बऱ्याच ठिकाणी त्या संध्याकाळपुरतं नाव देऊन उतरता येतं. आधी ईमेल करून विचारा. हेल्मेट आणि पुढे-मागे चालू दिवे हवेतच. बॅटरी संपलेली असेल तर रेषेवरून परत पाठवतात, तिथे रडून उपयोग नाही.

आता ज्या सापळ्याने मला जवळजवळ अख्खा उन्हाळा सोडलं नाही, त्याबद्दल. तो म्हणजे पहिला मैल.

मागे एक जण सीट धरून तुम्हाला तोलून उभा असतो, दोन्ही पाय पेडलवर अडकवलेले असतात, टाइमकीपर पाच, चार, तीन मोजत असतो. सुटल्या सुटल्या पाय इतके हलके वाटतात की आज काहीतरी भारी होणार याची खात्रीच पटते. त्या हलकेपणावर विश्वास ठेवू नका. स्नायूंमध्ये ऑक्सिजनची वाट न पाहता वापरता येणारी थोडी ताकद असते, ती काही सेकंदांत संपते. त्यानंतरही तुम्ही तसंच दामटत राहिलात की शरीर उधारीवर चालतं. आणि ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा हे तुम्हाला सांगत नाही! हृदयाचे ठोके श्रमांच्या मागून चढतात, एक-दोन मिनिटं उशिराने. पडद्यावर १५० दिसत असतं आणि पाय मात्र १७५ ला पोचवणारा जोर लावत असतात. आकडा खरं बोलायला लागतो तोवर मैल संपलेला असतो, आणि उरलेले नऊ मैल ती उधारी फेडण्यात जातात. मांड्या दगड होतात, वेग उतरतो, पुढच्या मिनिटाला सुटलेला माणूस शेजारून निघून जातो आणि वाटतं आपलं वय झालं. वय झालेलं नसतं. पहिली दोन मिनिटं चुकलेली असतात.

म्हणून पहिली दोन मिनिटं इतकी आवरून चालवा की स्वतःचाच राग आला पाहिजे. त्या वेळी एक छोटं वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. वळसा घेताना दोन-तीन शब्द फुटावेत, आणि शेवटच्या दोन मैलांत एकही नाही. पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र, असेल तर उत्तमच, पण नसेल म्हणून अडत नाही. श्वास ऐका.

यालाच जोडून वारा. समजा, जाताना पाठीवर वारा आहे आणि तुम्ही ताशी २५ मैलांनी गेलात, तर पाच मैलांना १२ मिनिटं. येताना वारा तोंडावर, वेग २०, म्हणजे १५ मिनिटं. एकूण २७. आता २५ आणि २० ची सरासरी साडेबावीस धरून दहा मैल मोजा: २६ मिनिटं ४० सेकंद. हे २० सेकंद गेले कुठे? मंद वेगाच्या अर्ध्या भागात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून तो भाग निकालावर जास्त वजन टाकतो. शिवाय वेग वाढेल तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, त्यामुळे आधीच जोरात असताना आणखी एक मैल वेग मिळवायला फार ताकद खर्ची पडते. तात्पर्य, पाठीवर वारा असताना थोडी ताकद राखा आणि समोरच्या वाऱ्यात ती ओता. नवखे नेमकं उलट करतात, कारण पाठीवर वारा असला की वेगाचा आकडा बघून हुरूप येतो. परत सांगते: जाताना हुरूप आवरा.

हे एका संध्याकाळीत जमत नाही. जमेपर्यंत निकालात खाली राहाल, आणि त्याने काही बिघडत नाही. शेवटून पहिल्या आलेल्या माणसालाही इथे मनापासून "वेल डन" म्हणतात, मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

घराचं मात्र कोणी सांगत नाही. मंगळवारची शर्यत सातला सुरू होते म्हणजे ऑफिसातून थेट निघायचं, वीस मिनिटं वॉर्म-अप, आणि घरी यायला नऊ. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, मुलं झोपायला तयार नसतात. स्वयंपाक कोण करणार, अंघोळी कोण घालणार, हे मार्चमध्येच बोलून घ्या. दर मंगळवारी दुपारी फोनवर "आज जाऊ ना रे?" विचारत बसलात तर मेपर्यंत घरातले वैतागतील आणि तुम्हीही. आमच्याकडे मंगळवारी घर नवऱ्याकडे, गुरुवारी माझ्याकडे. मंगळवारी खिचडी, ठरलेली. मला दुपारी वरण-भात आणि चारला गूळ-पोळी पुरते. उसळ नको. पंचवीस-तीस मिनिटांच्या शर्यतीत वाटेत खायला काही लागत नाही, ती महागडी जेलची पाकिटं राहू द्या.

त्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते. सासूबाईंना पहिले काही आठवडे हे अजिबात पटलं नाही. "मोटारींच्या रस्त्यावर एकटी कशाला जातेस?" मी वाद घातला नाही, त्यांना बरोबर नेलं. कापडी टेबल, थर्मास, सत्तरीतले टाइमकीपर पाहून त्या निवळल्या. मी पाठीवर नंबर कसाबसा टोचत होते, तर म्हणाल्या, "सरळ उभी राहून लावलास तर वाकल्यावर फुगणार नाही का तो? वाक आधी, सायकलवर वाकतेस तशी." मी सीटवर बसून हँडलवर ओणवी झाले आणि त्यांनी कमरेच्या जरा वर, कापड ताणून, कडेकडेने आठ सेफ्टी पिना लावल्या. कागद चामडीसारखा चिकटून बसला. ब्लाउज शिवणाऱ्या हातांना जे कळतं ते मला क्लबात कोणी दाखवलं नव्हतं. तुम्हीही नंबर वाकूनच लावून घ्या.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. पहिल्या उन्हाळ्यात टाइम ट्रायलची वेगळी सायकल घेऊ नका, डिस्क व्हील, म्हणजे आऱ्यांऐवजी भरीव तबकडीचं चाक, तर नाहीच. हवेचा बहुतांश विरोध तुमच्या अंगाचा असतो, सायकलचा नव्हे. अंगाला घट्ट बसणारे कपडे, कोपरं आत, डोकं खाली पण नजर रस्त्यावर, एवढ्याने फुकटात वेळ कमी होतो. नजर रस्त्यावर हे दोनदा वाचा, थांबलेल्या गाडीवर आदळून माणसं गेली आहेत. गुरू निवडताना कोणाची चाकं महाग आहेत ते बघू नका. जो पावसातही वळणावर पिवळं जॅकेट घालून मार्शल म्हणून उभा राहतो, त्याच्याकडे जा. तो खरं सांगेल.

धीर खचला की मी बेरिल बर्टनकडे बघते. लीड्सजवळच्या मॉर्लीची ही सायकलपटू बाई कायम हौशीच राहिली. रुबार्बच्या शेतावर अंगमेहनतीचं काम केलं, संसार केला, मुलगी डेनिसलाही शर्यतीत आणलं. १९६७ मध्ये बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये तिने २७७.२५ मैल कापले. त्याच शर्यतीत माइक मॅकनमारा पुरुषांचा नवा विक्रम करत होता, त्याला तिने गाठलं आणि पुढे जाताना लिकरिसची, म्हणजे ज्येष्ठमधाची, गोळी दिली. त्याचे मैल तिच्याहून कमीच भरले. १९५९ पासून सलग २५ वर्षं ती टाइम ट्रायलमध्ये देशातल्या बायकांत सर्वोत्तम अष्टपैलू ठरली. तिला सायकलची गोडी लावली नवरा चार्लीने, आणि पुढे तिच्या शर्यतींची धावपळही त्यानेच सांभाळली. घरातली साथ हा तयारीचाच भाग आहे, हे मी तिच्याकडून घेतलं.

क्लबच्या संध्याकाळी अंगवळणी पडल्या की रविवारच्या खुल्या स्पर्धा खुणावतात. त्यांची नावनोंदणी बरीच आधी बंद होते, तारखा कॅलेंडरवर लिहा. सुरुवात बऱ्याचदा इतक्या सकाळी असते की पहिली ट्रेन पोचत नाही, म्हणून गाडी लागते किंवा कोणाबरोबर तरी जावं लागतं. पेट्रोलचे पैसे न मागता द्या. ट्रेनने जाणार असाल तर सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते का ते त्या कंपनीकडे तपासा, काही गाड्यांत दोनच सायकली घेतात. शर्यतीनंतर गावच्या हॉलमध्ये चहा-केक असतो, तिथे लगेच निघून जाऊ नका. पुढच्या रविवारी कोण तुमच्या बाजूने गाडी घेऊन जाणार आहे ते तिथेच कळतं. आणि हंगामात एकदा तरी शर्यत सोडून मार्शलच्या कामाला नाव द्या.