रायफल स्कोप घेताना आणि बसवताना या चुका टाळा

"स्कोप खराब निघाला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता स्कोपचं नाव विचारायच्या आधी मी विचारतो, स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा कुणी बसवल्या आणि कशाने आवळल्या? दहातल्या सात-आठ जणांची गाडी इथेच अडते. मधल्या किमतीचे स्कोप आता खरंच चांगले मिळतात. त्यातला एखादा सदोष निघतोही, पण ज्यांच्या नावाने खडे फोडले जातात, त्यातले बहुतेक निर्दोष असतात. चूक निवडीत झालेली असते किंवा बसवण्यात.

मोठ्या आकड्याला भुलणं

नवा माणूस खोक्यावर 6-24x50 वाचतो आणि शेजारचा 3-9x40 त्याला बिचारा वाटू लागतो. पहिले आकडे मॅग्निफिकेशनचे, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं त्याचे, शेवटचा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण या दोन आकड्यांचा भागाकार कुणी करत नाही. 50 भागिले 24, म्हणजे साधारण 2.1 मिलिमीटर. स्कोपमधून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. संधिप्रकाशात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली 6-7 मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की 5 च्या आसपास. म्हणजे शिकारीच्या ऐन वेळेला, पहाटे आणि तिन्हीसांजेला, 24 वर चित्र काळवंडलेलंच दिसणार. तोच 3-9x40 सहावर ठेवा, 6.7 मिलिमीटर मिळतात आणि झाडीतलं जनावर वेगळं ओळखू येतं.

मॅग्निफिकेशन वाढलं की हातांची थरथर जास्त दिसते, उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलताना दिसते आणि दिसणारा टापू आक्रसतो. 24 वर जनावर शोधण्यातच ते निघून जातं. शिवाय मधल्या किमतीत कंपनीने 24 पर्यंत मजल मारली असेल, तर पैसा कुठूनतरी वाचवलेला असतो. काचेतून नाहीतर टरेटच्या, म्हणजे क्लिक-क्लिक फिरवून नेम वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायच्या बटणांच्या, आतल्या यंत्रणेतून. तेवढ्याच पैशात मी कमी आकड्याचा, पण चांगल्या काचेचा स्कोप घेतो. शिकारीला 2-7 किंवा 3-9, आणि शिकार व टार्गेट दोन्ही करायचं असेल तर 4-16. त्यापुढचं मॅग्निफिकेशन कागदावर 200-300 मीटरवरचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर गोळ्यांचे पुंजके, मारणाऱ्यांसाठी.

माउंट आणि स्क्रू: इथे सगळ्यात जास्त रडारड

क्लबातला एक तरुण मुलगा एका सकाळी दुसरा स्कोप घेऊन आला. पहिला त्याने "झिरो धरत नाही", म्हणजे एकदा जुळवलेला नेम जागेवर राहत नाही, म्हणून परत केला होता. दुसऱ्याचंही तेच. दोन गोळ्या एकमेकींना चिकटून, तिसरी सात सेंटिमीटर डावीकडे, चौथी भलतीकडेच. आणि प्रत्येक गोळीनंतर हा पठ्ठ्या टरेट फिरवत होता. चाळीसेक गोळ्या संपल्या, टार्गेटची चाळण झाली, आणि झिरो आता नेमका कुठे आहे हे त्यालाही सांगता येईना.

मी रायफल रिकामी केली, बोल्ट काढला, स्कोप उतरवला. बेसचे, म्हणजे रिंगा ज्या पट्टीवर बसतात तिचे, चारही स्क्रू हाताला घट्ट लागले. मग बेसच्या पुढच्या टोकाखाली नख सरकवून दाबलं, तर केसभर हललं. पुढचा स्क्रू काढून उजेडात धरला तेव्हा त्याचं टोक चकचकीत घासलेलं दिसलं. बेसबरोबर दोन लांबीचे स्क्रू येतात. त्याने लांब स्क्रू पुढे घातला होता. तो बेसला आवळायच्या आधीच आत नळीच्या आट्यांवर जाऊन टेकत होता. हाताला घट्ट, पण बेस सैल. छोटा स्क्रू घातला, आट्यांमधलं तेल स्पिरिटने पुसलं, नीट आवळलं. नळी थंड होऊ दिली आणि 100 मीटरवर पाच गोळ्या मारल्या. ग्रुप तीन सेंटिमीटरचा. परत गेलेला पहिला स्कोप बहुधा ठणठणीत होता. त्या मुलाचा एक महिना आणि बऱ्याच गोळ्या फुकट गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बसवतानाच्या दहा मिनिटांत हे दिसलं असतं.

म्हणून मी टॉर्क पान्हा, म्हणजे ठरवलेल्या जोरावरच आवळणारा पान्हा, वापरतो. "हाताला अंदाज आहे" हे मला पटत नाही. छोटी एलन की हातात आली की माणूस एकतर भीतभीत सोडून देतो नाहीतर जीव खाऊन पिळतो. रिंगेच्या वरच्या झाकणाचे स्क्रू बहुतेक कंपन्या 15 ते 20 इंच-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण 1.7 ते 2.3 न्यूटन-मीटर. बेसचा आकडा वेगळा असतो, तो त्याच्या कागदावरूनच घ्या. आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल आणि तुम्ही तेल लावलंत, तर त्याच आकड्यावर ताण जास्त येतो आणि स्कोपचं नळकांडं दबतं. मग मॅग्निफिकेशनची रिंग जड फिरते, क्लिक नीट बसत नाहीत, आणि दोष पुन्हा स्कोपवर. आवळताना मी आळीपाळीने जातो, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवतो. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

रिंगा स्वस्तातल्या घेऊन सगळे पैसे स्कोपवर घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, उलट करा. स्कोप एक पायरी खालचा चालेल.

रेटिकल तिरकं बसवणं

रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणारा नेमाचा क्रॉस. तो डोळ्याने सरळ वाटतो म्हणून सरळ नसतो. गवंड्याचा ओळंबा घ्या, समोर पंधरा-वीस मीटरवर टांगा, रायफल लेव्हलमध्ये धरा आणि उभी रेघ दोरीला जुळवा. रिंगा आवळताना स्कोप थोडा फिरतो, म्हणून शेवटी पुन्हा बघा. जवळच्या अंतरावर फरक कळत नाही. लांब अंतरासाठी टरेट चढवायला लागलात की गोळ्या एका बाजूला सरकत जातात आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

एमओए आणि मिलचा घोळ

मिल आणि एमओए ही कोनाची मापं, टरेटचा एक क्लिक नेम किती हलवतो ते त्यांत सांगतात. 0.1 मिलचा एक क्लिक 100 मीटरवर 1 सेंटिमीटर. पाव एमओएचा क्लिक 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असलेला स्कोप घेऊ नका. 1 मिल म्हणजे 3.44 एमओए, हा गुणाकार मैदानात कुणी करत नाही. आणि मिल-एमओए मापताना यार्ड आणि मीटर एकत्र कालवू नका, 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटरच.

क्लिक तपासून न बघणं

मधल्या किमतीत खरी परीक्षा इथे होते. नेमक्या 100 मीटरवर, टेपने मोजून, मीटरभरापेक्षा उंच कागद लावा. त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारा आणि खालच्या खुणेवर नेम ठेवून ग्रुप मारा. मग 10 मिल चढवा आणि नेम त्याच खालच्या खुणेवर ठेवा. नवा ग्रुप एक मीटर वर, रेघेवर यायला हवा. परत शून्यावर आणा, गोळ्या पहिल्या ग्रुपमध्ये पडायला हव्यात. दोन-तीन टक्क्यांचा फरक नेहमी सारखाच येत असेल तर हिशेबात धरता येतो. पण शून्यावर न परतणारा स्कोप मी परत करतो, काच कितीही सुंदर असो.

आता बाकीच्या, थोडक्यात.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर साधा स्कोप चढवू नका. पिस्टनमुळे तिला मागे आणि पुढे, असे दोन्ही झटके बसतात, आणि पुढच्या झटक्याने भले भले स्कोप आतून सुटतात. एअर रायफलसाठी बनवलेला आणि पॅरालॅक्स, म्हणजे डोकं हललं की क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसणं, 10 मीटरपर्यंत जुळवता येणारा घ्या. मोठ्या रायफलीच्या स्कोपचा पॅरालॅक्स बहुधा 100 यार्डांवर कायमचा ठरवलेला असतो.

पॅरालॅक्स आहे का, ते बघायला रायफल टेकवून स्थिर करा आणि फक्त डोकं हलवा. क्रॉस टार्गेटवर सरकला तर आहे.

सेकंड फोकल प्लेनच्या, म्हणजे मॅग्निफिकेशन बदललं तरी रेटिकल तेवढंच दिसणाऱ्या, स्कोपमध्ये रेटिकलवरच्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनवर खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात मोठ्या. शिकारीत घाईत नवव्या ऐवजी पाचव्यावर राहिलात तर खुणांवरचा अंदाज चुकतो.

आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा आणि मागची काच यांतलं अंतर, साडेतीन इंचांच्या खाली असेल तर जोरदार झटक्याच्या रायफलीवर भुवई फुटते. डोळे मिटून दस्ता खांद्याला लावा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र लगेच दिसायला हवं, आणि तेही सर्वांत मोठ्या मॅग्निफिकेशनवर.

ऑलिम्पिकच्या 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल स्पर्धांत स्कोप चालत नाही. तिकडे जायचं असेल तर पीप साइटच, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचं साधन, शिका.

आणि झिरो करताना एका गोळीवर क्लिक फिरवू नका. तीन मारा, मधोमध बिंदू काढा, मग फिरवा. नळी तापली तर थांबा. हे थांबणंच नवशिक्यांना जमत नाही, दहा मिनिटांत उरकायचं असतं. प्रवासानंतर रायफल गाडीतून उतरली की पहिली गोळी मी थंड नळीने कागदावर मारतो. ती जागेवर बसली नाही तर त्या दिवशी जनावरावर नेम धरत नाही, कारण चार सेंटिमीटरच्या चुकीने जखमी होऊन ते झाडीत जातं आणि रात्रभर तडफडतं.