टीव्हीसमोर मोबाईल न धरता: कन्सोलवरील क्लिप टिपावी कशी, जपावी कशी आणि पाठवावी कशी

सांगली-मिरजेच्या आमच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर क्रिकेटच्या गेममधील शेवटच्या चेंडूवरचा षटकार किंवा फुटबॉलच्या गेममधील नव्वदाव्या मिनिटाचा गोल येतो, तेव्हा तो बहुधा टीव्हीसमोर मोबाईल धरून टिपलेला असतो. पडद्यावर ट्यूबलाइटची पट्टी चमकते, पंख्याची घरघर समालोचकाचा आवाज गिळून टाकते आणि खरा प्रसंग मोबाईल खिशातून काढेपर्यंत होऊन गेलेला असल्यामुळे आपल्याला दिसतो तो केवळ रिप्ले. ज्या यंत्रावर खेळ चालू होता त्या यंत्राने तोच प्रसंग संपूर्ण स्पष्टतेसह आधीच नोंदवून ठेवलेला असतो, हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते, एवढेच यामागचे कारण.

प्रथम ही नोंद कशी होते ते समजून घ्यावे, कारण पुढील बहुतेक चुका येथील गैरसमजातून होतात. खेळ चालू असताना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, मागील काही मिनिटांचे चित्रण सतत तात्पुरत्या जागेत ठेवत राहतो आणि नवीन मिनिट आले की सर्वांत जुने पुसून टाकतो. रहाटाचे पोहरे एकीकडे भरत आणि दुसरीकडे रिकामे होत फिरावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणून क्लिपचे बटण घटना घडण्यापूर्वी दाबायचे नसते, ते घडून गेल्यानंतर दाबायचे असते. षटकार बसल्यावर लगेच धांदल करण्याचीही गरज नाही. चेंडू संपू द्यावा, श्वास घ्यावा आणि मग क्लिपचा ठरलेला कालावधी उलटण्यापूर्वी बटण दाबावे. मात्र हे चित्रण जोपर्यंत जतन केलेले नाही तोपर्यंत ते आपले नाही. दुसरा गेम सुरू करण्यापूर्वी आणि कन्सोल बंद करण्यापूर्वी ते जतन करून घेतले पाहिजे.

प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरवर टचपॅडच्या डाव्या बाजूला जे लहान, उभट बटण असते ते ‘क्रिएट’ बटण होय. मूळ मांडणीत ते एकदा दाबल्यास पडद्याच्या तळाशी क्रिएटचा मेनू उघडतो, दाबून धरल्यास स्क्रीनशॉट निघतो आणि झटपट दोनदा दाबल्यास नुकत्याच झालेल्या खेळाची क्लिप जतन होते. दोनदा दाबल्यावर किती वेळाची क्लिप जतन व्हावी हे आपण ठरवू शकतो. पंधरा सेकंदांपासून साठ मिनिटांपर्यंतचे पर्याय तेथे आहेत. माझ्या मते क्रिकेट, फुटबॉल किंवा कुस्तीच्या गेमसाठी एक मिनिट पुरेसे असते आणि कथाप्रधान गेममधील मोठ्या लढतीसाठी तीन मिनिटे. साठ मिनिटांचा पर्याय ठेवून नंतर त्यातून वीस सेकंद शोधत बसणे म्हणजे भारा उपसून सुई शोधणे होय. हा बदल ‘सेटिंग्ज’मधील ‘कॅप्चर्स अँड ब्रॉडकास्ट्स’ या विभागात, क्रिएट बटणाच्या शॉर्टकट्सखाली करता येतो.

प्लेस्टेशन ४ अजूनही आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि तेथे एक घातक फरक आहे. त्याच्या ‘शेअर’ बटणावर दोनदा दाबल्यास मागील खेळ जतन होत नाही, तर त्या क्षणापासून नवीन रेकॉर्डिंग सुरू होते आणि आधीची तात्पुरती नोंद निघून जाते. मागील खेळ हवा असेल तर ‘शेअर’ एकदा दाबून मेनू उघडावा आणि चौकोनाचे बटण दाबून क्लिप जतन करावी. मूळ मांडणीत ही नोंद पंधरा मिनिटांची असते व ती साठ मिनिटांपर्यंत वाढवता येते. मिरजेला भाच्याच्या घरी नवा कन्सोल वापरून परतल्यावर मी माझ्या जुन्या यंत्रावर त्याच सवयीने दोनदा बटण दाबले आणि अडीच तासांच्या झुंजीनंतर मिळवलेला विजय माझ्याच अंगठ्याने पुसला. ज्यांच्या घरी कन्सोलची एक पिढी आणि मित्राच्या घरी दुसरी पिढी आहे, त्यांनी हा फरक अवश्य लक्षात ठेवावा.

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस यांच्या कंट्रोलरच्या मध्यभागी ‘शेअर’चे बटण आहे. ते एकदा दाबल्यास स्क्रीनशॉट आणि दाबून धरल्यास मागील तीस सेकंदांची क्लिप मिळते. हा कालावधी सेटिंगमध्ये बदलता येतो. एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर असेल तर मधले एक्सबॉक्स बटण दाबून मेनू उघडावा. तेथे वाय दाबल्यास स्क्रीनशॉट आणि एक्स दाबल्यास क्लिप निघते. तासाभराचे सलग रेकॉर्डिंग हवे असल्यास यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क जोडावी लागते आणि तिचे फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, एनटीएफएस असावे लागते. निन्टेन्डो स्विचवर जॉय-कॉन या जोडकंट्रोलरपैकी डाव्यावरील लहान चौकोनी बटण दाबून धरले की मागील तीस सेकंद जतन होतात. ही सोय २०१७ च्या ऑक्टोबरमधील अद्ययावत प्रणालीपासून आली, परंतु ती प्रत्येक गेमला लागू नाही.

आता अशा सेटिंग्जविषयी, ज्या एकदाच तपासाव्या लागतात आणि न तपासल्यास दर वेळी नडतात. पहिली म्हणजे फाइलचा प्रकार. प्लेस्टेशन ५ वर ४के, म्हणजे अतिस्पष्ट, चित्रण वेबएम या प्रकारात जतन होते. त्याहून कमी स्पष्टतेच्या १०८०पी साठी मात्र एमपी४ निवडता येते. वेबएमची फाइल मोठ्या टीव्हीवर देखणी दिसत असली तरी आयफोनच्या फोटो ॲपमध्ये ती उघडत नाही आणि व्हॉट्सॲपवर पाठवतानाही अडचणी येतात. शेवटी ती क्लिप सहा इंचांच्या पडद्यावर पाहिली जाणार असेल, तर ४के चा हट्ट कशासाठी? एमपी४ निवडावे आणि निश्चिंत व्हावे. एचडीआरमध्ये, म्हणजे प्रकाश-छायेचा अधिक पल्ला दाखवणाऱ्या पद्धतीत, टिपलेले चित्रण साध्या मोबाईलवर फिकट, धुऊन काढल्यासारखे दिसते, हेही येथेच सांगितले पाहिजे.

दुसरी सेटिंग आवाजाची. ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्येच मायक्रोफोन असल्यामुळे, क्लिपमध्ये मायक्रोफोनचा आवाज घेण्याचा पर्याय चालू असेल तर कुकरच्या शिट्ट्या, दारावरच्या भाजीवाल्याची हाक आणि आईचे ‘जेवायला येतोस की नाही’ हे सारे त्या ऐतिहासिक गोलबरोबर कायमचे नोंदवले जाते. काहींना ते आवडते. माझ्या भाच्याच्या सर्वांत लोकप्रिय क्लिपमध्ये गेमपेक्षा त्याच्या आजीचेच बोलणे अधिक ऐकू येते. तथापि हे आपल्या इच्छेने व्हावे, नकळत होऊ नये. नको असल्यास तो पर्याय बंद ठेवावा, अथवा खेळताना पीएस बटणाखालील म्यूटचे बटण दाबावे. मित्रांबरोबरच्या पार्टी चॅटचा आवाजही घेता येतो, पण ज्या मित्रांनी आपला आवाज देण्यास परवानगी दिली आहे त्यांचाच तो येतो.

तिसरी सेटिंग ट्रॉफीची, म्हणजे गेममधील ठरावीक कामगिरीबद्दल मिळणाऱ्या आभासी पदकाची. प्रत्येक ट्रॉफी मिळताना प्लेस्टेशन ५ आपणहून स्क्रीनशॉट आणि क्लिप जतन करतो. काही महिन्यांत अशा शेकडो निरर्थक क्लिपांची अडगळ साचते आणि नवीन गेमसाठी जागा कमी पडते. मी ट्रॉफीची क्लिप बंद करून केवळ स्क्रीनशॉट चालू ठेवला आहे.

टिपणे येथे संपते, आणि खरे काम सुरू होते ते जपण्याचे. माझ्या पाहण्यात रेकॉर्डिंग न झाल्यामुळे हरवलेल्या क्लिपांपेक्षा, झालेली क्लिप बाहेर न काढल्यामुळे हरवलेल्या क्लिपा कितीतरी अधिक आहेत. म्हणून त्या दिवशीचा खेळ संपला की कन्सोल बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे यासाठी ठेवावीत. प्लेस्टेशन ५ वर ‘मीडिया गॅलरी’ उघडावी, क्लिप निवडावी आणि ‘ट्रिम’ने पुढचा-मागचा भाग छाटावा. षटकाराची क्लिप गोलंदाजाच्या धावेपासून सुरू व्हावी आणि चेंडू सीमारेषेपलीकडे गेल्यावर दोन-तीन सेकंदांत संपावी. लोडिंगचा पडदा आणि मेनूमधील भटकंती कोणालाही पाहायची नसते. अनेक तुकडे जोडायचे असतील तर ‘शेअर फॅक्टरी स्टुडिओ’ हे मोफत ॲप प्लेस्टेशन ५ वर मिळते. मात्र कंट्रोलरने संपादन करणे हे संयमाचे काम आहे आणि लॅपटॉप उपलब्ध असल्यास ते तेथेच करावे.

पेनड्राइव्हवर क्लिप घेण्यासाठी तो एक्सफॅट किंवा फॅट३२ या फॉरमॅटचा असावा लागतो. या दोहोंत एक्सफॅट निवडावा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. मूळ प्लेस्टेशन ५ च्या पुढील बाजूचे साधे यूएसबी पोर्ट मागील पोर्टांपेक्षा बरेच मंद आहे. त्यामुळे मोठी फाइल असेल तर वाकून का होईना, पेनड्राइव्ह मागे लावावा. गेम साठवण्यासाठी कन्सोलने फॉरमॅट केलेली बाह्य डिस्क या कामी चालत नाही. क्लिपांसाठी पेनड्राइव्ह वेगळाच ठेवावा लागतो. स्विचची फाइल यूएसबी केबलने थेट संगणकावर घेता येते.

विजेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वारे सुटले की सांगलीतील आमच्या विश्रामबागेत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अनेक घरांत राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण टीव्ही आणि कन्सोल नसतात. वीज गेली त्या क्षणी चालू असलेले रेकॉर्डिंग मला तरी एकदाही परत मिळालेले नाही. आभाळ भरून आले असेल तर तासाभराचे सलग रेकॉर्डिंग करण्याऐवजी प्रत्येक चांगल्या प्रसंगानंतर छोटी क्लिप जतन करत राहावे. शिवाय ज्या क्लिपा खरोखर मोलाच्या वाटतात त्यांची दुसरी प्रत क्लाउडवर ठेवावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातील एका मित्राच्या तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हा कन्सोल आणि शेजारच्या खणातील पेनड्राइव्ह दोन्ही एकदमच गेले. दोन प्रती एकाच कपाटात असणे म्हणजे एकच प्रत असणे.

मोबाईलवर क्लिप आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्या-त्या कन्सोलच्या ॲपमधून जातो. प्लेस्टेशन ॲपमध्ये गेम कॅप्चर आपोआप अपलोड होण्याचा पर्याय एकदा चालू केला की पुढील क्लिपा फोनवर दिसू लागतात. त्याच्या अटी मात्र ध्यानात ठेवाव्यात: तीन मिनिटांपेक्षा लांब आणि ४के दर्जाच्या क्लिपा त्यात येत नाहीत, आणि आलेल्या क्लिपा १४ दिवसच तेथे राहतात. त्या मुदतीत क्लिप फोनच्या गॅलरीत उतरवून घ्यावी. एक्सबॉक्सच्या ॲपमधूनही क्लिप उतरवता येते. तेथे कंपनीच्या सर्व्हरवरील कॅप्चर ९० दिवसांनंतर काढून टाकली जातात. स्विचवर गॅलरीत फोनवर पाठवण्याचा पर्याय निवडल्यावर दोन क्यूआर कोड दिसतात. पहिल्याने फोन स्विचच्या वायफायला जोडला जातो आणि दुसऱ्याने क्लिपचे पान उघडते. एका वेळी व्हिडिओ एकच जातो.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवल्यास तो दाबून लहान केला जातो आणि वेगवान खेळात मैदानावरचे गवत हिरव्या चिखलासारखे दिसू लागते. दर्जा टिकवायचा असेल तर क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. अशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते. मोठी फाइल यूट्यूबवर चढवताना वेगाचा हिशेब आधी करावा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते, व एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडच्या जोडणीवर १ जीबीच्या फाइलला साधारण चौदा मिनिटे लागतात, आणि घरात कोणी मालिका पाहत असेल तर त्याहून अधिक.

प्लेस्टेशन ५ वरून यूट्यूबवर थेट अपलोड करता येते. खाते जोडताना पडद्यावरील क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की कंट्रोलरने पासवर्ड टंकत बसावे लागत नाही. पूर्वी एक्स अर्थात ट्विटरवरही थेट क्लिप जात असे. ती सोय एक्सबॉक्सवर एप्रिल २०२३ मध्ये, प्लेस्टेशनवर नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि स्विचवर जून २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या व्हिडिओंतील सूचना पाहून तो पर्याय मेनूत शोधत बसू नये. यूट्यूबवर फोन क्रमांकाने पडताळणी न केलेल्या खात्यावरून १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. केवळ नातेवाइकांना दाखवायचे असेल तर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असलेल्यालाच दिसेल असा, ठेवून दुवा पाठवावा. शॉर्ट्स किंवा रील्ससाठी आडवे चित्र उभे कापताना क्रिकेटच्या गेममधील धावफलक बहुधा चौकटीबाहेर जातो, आणि धावफलकाशिवाय शेवटच्या चेंडूवरचा षटकार कोणत्याही चेंडूवरच्या षटकारासारखाच दिसतो. तेव्हा आवश्यक धावांचा आकडा मजकूर म्हणून वर लिहावा.

गेममध्ये वाजणारी गाणी हा वेगळा विषय आहे. फुटबॉल किंवा कार शर्यतीच्या गेममधील गाणी परवान्याने घेतलेली असतात आणि यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ती ओळखते. मग जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओच अडवला जातो. अनेक गेममध्ये अशी गाणी वगळणारा ‘स्ट्रीमर मोड’ असतो. तो रेकॉर्डिंगपूर्वी चालू करावा. काही दृश्ये निर्मात्यांनीच रेकॉर्डिंगसाठी बंद केलेली असतात आणि तेवढा भाग क्लिपमध्ये येत नाही. तो यंत्राचा दोष नव्हे. ऑनलाइन सामन्याच्या क्लिपमध्ये अनोळखी खेळाडूंची नावे दिसत असतील, विशेषतः ती लहान मुलांची वाटत असतील, तर अपलोड करण्यापूर्वी तो भाग छाटावा किंवा झाकावा.