गोदामातला रास्पबेरी पाय आयपी न लिहिता शोधायचा कसा

आमच्या हळदीच्या गोदामात तापमान बघायला एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) बसवलाय. सांगलीत लाईट जाऊन आली की राउटर त्याला कधीकधी नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, आणि लॅपटॉपवरच्या कोडमध्ये जुनाच लिहिलेला, मग काकांचा फोन, "आरं ते तापमान दिसंना झालंय बघ." आता पायथनची झीरोकॉन्फ लायब्ररी वापरतोय, ती आयपी न लिहिता नावानं मशीन शोधून देते. पिप इन्स्टॉल झीरोकॉन्फ, बास.

आत काय चालतं? मार्केट यार्डात मधोमध उभं राहून "राजापुरी हळद कुणाकडं हाय?" अशी हाळी द्यायची, ज्याच्याकडं माल तो ओ देतो, दलाल लागत नाही. ही हाळी 224.0.0.251 या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट 5353 वर जाते.

पायवर सर्व्हिसइन्फो, म्हणजे आपल्या सेवेची माहिती, बनवायचा. त्यात प्रकार लिहा: अंडरस्कोर एचटीटीपी, डॉट, अंडरस्कोर टीसीपी, डॉट, लोकल, आणि शेवटी परत डॉट. हा शेवटचा डॉट विसरला की एरर येणारच. नाव द्या, ते पण याच प्रकारानं संपायला पाहिजे, मग पोर्ट, पत्ता, आणि शेवटी रजिस्टर सर्व्हिस ही मेथड चालवा. पत्त्यात मी लई गंडलो राव, गेटहोस्टबायनेम वापरलं तर पायनं 127.0.1.1 दिला, हा ज्या-त्या मशीनचा स्वतःचाच पत्ता, म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच हाका मारत बसला. त्यापेक्षा यूडीपी सॉकेट 8.8.8.8 ला कनेक्ट करा (पॅकेट काही जात नाही) आणि गेटसॉकनेम विचारा, खरा आयपी मिळतो. फक्त पाय राउटरच्या आधी उठला तर हे पण फसतं, म्हणून नेटवर्क आल्यावरच स्क्रिप्ट चालू होऊ द्या.

लॅपटॉपवर सर्व्हिसब्राउझरला तोच प्रकार आणि एक लिसनर (सेवा आली-गेली की कळवला जाणारा क्लास) द्यायचा, त्यात ॲड, अपडेट, रिमूव्ह तिन्ही मेथड ठेवा. ॲडमध्ये गेट सर्व्हिस इन्फो मागा, कधीकधी नन (None, म्हणजे काहीच नाही) येतं ते तपासा, मग पार्स्ड ॲड्रेसेसमधून आयपी. या प्रकारात प्रिंटर बिंटर पण दिसतील, नावावरून आपला निवडा.

काहीच दिसत नसेल तर आधी गेस्ट वायफायवर तर नाही ना बघा, हाळी यार्डाच्या भिंतीबाहेर जात नाही. विंडोजवर फायरवॉल बघा.

आणि बंद करताना अनरजिस्टर करून क्लोज करा. लाईट अचानक गेली तर निरोप देता येत नाही, मग नाव यादीत 75 मिनिटांपर्यंत तसंच राहू शकतं. म्हणून काकांच्या स्क्रीनवर "चालू" लिहायच्या आधी मी पोर्टला कनेक्ट करूनच बघतो.