दंडाला बीपीचा कफ (हवेचा पट्टा) बांधून स्नायूतला रक्तप्रवाह कसा मोजाचा

फिजिओथेरपीच्या आणि बीएस्सीच्या पोट्ट्यांसाठी लिहून राहिलो, ज्यांच्या कॉलेजात कफमध्ये झटकन हवा भरणारं महागडं इन्फ्लेटर मशीन नाही पण फोरआर्ममधून (कोपर ते मनगट) रक्त किती वाहते ते मोजाचं आहे. पद्धत जुनी आहे, हेवलेट आणि व्हॅन झ्वालुवेनबर्ग या संशोधकांनी 1909 मध्ये माणसाच्या हातावर वापरलेली, आणि आजही वापरतात कारण कल्पना एकदम सरळ आहे. नाल्यावरच्या बंधाऱ्याची दारं टाकली की वरून पाणी येतच राहते, आणि ते किती वेगानं चढते त्यावरून येवा समजते, तसंच दंडाच्या कफमध्ये 40 ते 50 मिमी पारा एवढं प्रेशर दिलं की शिरा बंद होतात पण धमनी चालूच राहते, मंग हात हळूहळू फुगते, आणि फुगाचा वेग म्हणजेच ब्लड फ्लो.

पण कफ हातात घ्याच्या आधी एक गोष्ट पक्की करा, आणि यात घाई नको. आपल्या इकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) बराच आहे. कफनं रक्त अडवलं की त्या भागात ऑक्सिजन कमी होते, आम्ल वाढते, आणि अशातच सिकलच्या पेशी वाकड्या होऊन अडकाचा धोका राहते. म्हणून रुग्ण असो की वाहक, अभ्यासासाठी त्याच्या हाताला कफ बांधूच नका. "तुला सिकल आहे का" एवढं विचारून भागत नाही, कित्येकांना माहीतच नसते की आपण वाहक आहो, तपासणीचा कागद पाहा, नसेल तं आधी सरकारी दवाखान्यात तपासून या. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलची साधी रक्ततपासणी) निगेटिव्ह म्हणजे बहुतेक ठीक, पॉझिटिव्ह आली तं रुग्ण की वाहक हे त्यातून कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी लागते, पण आपल्या कामासाठी पॉझिटिव्ह म्हणजे नाही, बस. शिरेत गाठ झालेली असेल, डायलिसिसचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असेल, हातावर सूज किंवा जखम असेल तरी नाही. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती हे तं लागतेच.

आता हवेचं. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर सरळ कफला जोडाचा विचार डोक्यातून काढून टाका, 1 पीएसआय (टायरची हवा ज्यात मोजतात ते माप) म्हणजे जवळपास 52 मिमी पारा, म्हणजे आपल्याला लागणारं प्रेशर 1 पीएसआयच्याही खाली आहे आणि टायरच्या मीटरवर ते दिसणारच नाही. मधात कमी प्रेशरचा रेग्युलेटर आणि जास्त झालं तं सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व पाहिजेच. काही जण म्हणतात 10 लिटरच्या टाकीत 50 भरून ठेवू आणि एकदम सोडू. हिशोब करून पाहा, रिकाम्या कफनं 300 मिली हवा घेतली की प्रेशर 26 च्या आसपास येऊन पडते! म्हणून टाकी जास्त प्रेशरची आणि पुढं रेग्युलेटर, पाइप जाड आणि आखूड, म्हणजे कफ सेकंदाभरात भरते. हळू भरला तं तेवढ्यात शिरांमध्ये रक्त साचाले लागते आणि रीडिंग गेलं समजा.

मीटर खरं सांगते का हे पाहाले गवंड्याचा लेव्हल पाइप पुरते. यू आकारात धरून रंगीत पाणी भरा, दोन्ही बाजूंच्या पातळीत 68 सेंटिमीटर फरक पडला म्हणजे बरोबर 50 मिमी पारा.

माणसाला झोपवा, हात छातीपेक्षा थोडा वर उशीवर ठेवा म्हणजे शिरा आधीच रिकाम्या राहतात. मनगटाला दुसरा कफ, 200 च्या आसपास, वरच्या बीपीपेक्षा नक्की जास्त, रीडिंगच्या मिनिटभर आधी, कारण पंज्यात कातडीचा प्रवाह लय असते आणि आपल्याला स्नायूचा पाहिजे. पंजा बधिर होते, म्हणून काही मिनिटांतच मोकळा करा. फोरआर्मच्या सगळ्यात जाड भागावर स्ट्रेन गेज, म्हणजे हाताचा घेर किती वाढला ते ग्राफवर दाखवणारा ताणमापक. मंग दंडाचा कफ 10 सेकंद भरा, 10 सेकंद सोडा, असं चार-पाच वेळा.

घेराच्या टक्केवारीला दोननं गुणलं की आकारमानाची टक्केवारी भेटते. 25 सेंटिमीटर घेराचा हात 10 सेकंदांत 0.6 मिमी वाढला तं प्रवाह दर मिनिटाला 100 मिलीमागे जवळपास 3 मिली, आणि आरामात 2 ते 4 येणं नॉर्मल आहे. कफ भरताना बसणारा पहिला झटका मोजू नका, त्याच्यानंतरची सरळ रेघ घ्या.

मे महिन्यात दुपारी मोजलं तं कातडीचा प्रवाह वाढलेला राहते आणि आकडा फुगते, म्हणून सकाळी मोजा, खोलीचं तापमान रीडिंगसोबत लिहून ठेवा आणि माणसाला आधी वीसेक मिनिटं शांत पडू द्या, शेतातून किंवा सायकल हाणत आलेल्याला तं जास्तच. व्यायामाचा परिणाम पाहाचा असेल तं मूठ दाबायला लावा, थांबल्याबरोबर कफ भरा, कारण पहिल्या काही सेकंदांतच प्रवाह सगळ्यात जास्त राहते आणि मंग भराभर उतरते.